रिपोर्ट लाल, ताट रिकामं

फूड अ‍ॅलर्जीची पॅकेजं आता जिल्ह्याच्या गावांतही मिळू लागली आहेत. फोन केला की माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि थोड्याच दिवसांत पानंच्या पानं भरलेला रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडतो. दूध, गहू, तूरडाळ, वांगं, शेंगदाणे, टोमॅटो, हळद अशा शे-दीडशे नावांपुढे हिरवे, पिवळे, लाल पट्टे ओढलेले असतात. लाल दिसलं की तो पदार्थ घरात बंद. जेवायला आधीच कुरकुरणारं पोर बघता बघता मऊ भात आणि दुधीवर येतं. अंगावर उठणारं पित्त, फुगणारं पोट, कोपराच्या आतल्या बाजूचा एक्झिमा मात्र होता तिथेच राहतो. पैसे जातात त्याचं एक वेळ चालेल, पण वाढत्या वयातलं मूल कारण नसताना दूध, डाळ, अंडी या सगळ्याला एकदम मुकतं, त्याची भरपाई कशी करायची?

म्हणून कोणती तपासणी काय सांगते, कुठवर सांगते आणि कोणत्या तपासणीवर रुपयासुद्धा घालू नये, हे एकदा नीट पाहायला हवं. माझं मत आधीच सांगते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत भरवशाच्या तपासण्या आहेत, पण त्यांचा भरवसा नळीतल्या रक्तापेक्षा त्याआधी विचारलेल्या प्रश्नांवर उभा असतो. काहीही न विचारता सगळंच तपासणारी तपासणी कितीही महाग असली तरी फारशी कामाची नाही.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. 1921 साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात कार्ल प्राउसनित्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नव्हते, प्राउसनित्झ यांना काही होत नसे. प्राउसनित्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. अ‍ॅलर्जी रक्तातल्या कुठल्यातरी घटकातून येते हे त्यातून कळलं, पण तो घटक हाती लागायला पुढची चाळीसहून अधिक वर्षं गेली. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं, आणि स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिक यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. 1968 मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलटी, दम लागणं, रक्तदाब कोसळणं, हे सगळं या आयजीईचं काम. जीव जातो तो या प्रकारात.

दुसरा प्रकारही प्रतिकारशक्तीचाच, पण त्यात आयजीईचा हात नसतो. गाईच्या दुधानं तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्त दिसणं किंवा खाल्ल्यावर काही तासांनी उलट्यांवर उलट्या होऊन बाळ निपचित पडणं, ही त्याची उदाहरणं. इथे रक्ताची कुठलीच तपासणी कामाला येत नाही. संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायचा आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पुन्हा सुरू करून पाहायचा, हाच मार्ग. तिसरा प्रकार न सोसण्याचा, म्हणजे इनटॉलरन्सचा. त्यात प्रतिकारशक्तीचा संबंध नाही. दुधातली साखर पचत नाही, कांदा-लसणानं पोट फुगतं, ते या प्रकारात येतं. त्रास होतो, जिवाला धोका नसतो. या तिन्हींना लोक सरसकट अ‍ॅलर्जी म्हणतात आणि पॅकेजवाल्यांचं तिथेच फावतं.

चांगला अ‍ॅलर्जीतज्ज्ञ पहिली वीस-पंचवीस मिनिटं सुईला हात लावत नाही. काय खाल्लं, किती खाल्लं, कच्चं की शिजवलेलं, खाल्ल्यावर किती वेळानं त्रास झाला, त्याआधी तोच पदार्थ पचला होता का, त्यानंतर पुन्हा खाल्ला का, सोबत ताप होता का, वेदनाशामक गोळी घेतली होती का, खाऊन लगेच धावपळ झाली होती का, असं तो विचारत राहतो. शेवटचा प्रश्न वायफळ नाही. गहू खाऊन व्यायाम केला तरच तीव्र रिअ‍ॅक्शन येणारे रुग्ण असतात. एरवी तेच लोक रोज निवांत पोळी खातात. अंगावर सहा आठवड्यांहून जास्त काळ रोज उठणारं पित्त अन्नामुळे असण्याची शक्यता फारच कमी असते, हेही या हकिकतीतूनच निघतं. शेकडो पदार्थ तपासून ते निघत नाही.

आपल्या किनारपट्टीवरचं एक उदाहरण देते. बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि अर्ध्या तासात चेहरा लालबुंद झाला, डोकं ठणकू लागलं, अंगावर चट्टे उठले, जुलाब झाले. निदान ठरतं, बांगड्याची अ‍ॅलर्जी. पण बांगडा, तारली, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि अ‍ॅलर्जीत शरीर स्वतः सोडतं तेही हेच रसायन. तळा, उकळा, ते नष्ट होत नाही. त्यामुळे लक्षणं हुबेहूब अ‍ॅलर्जीची, आणि कारण मात्र शिळा मासा. इथे विचारायचा प्रश्न एकच: त्या ताटावर बसलेल्या आणखी कुणाला त्रास झाला का? तिघांचे चेहरे लाल झाले असतील तर दोष माशाचा. कोकणात आणि गोव्यात अशा एका जेवणापायी आयुष्यभर बांगडा सोडलेली माणसं आहेत. ताज्या बांगड्यानं त्यातल्या कित्येकांना काहीही होणार नाही. अळू आणि सुरणाची खाजही अशीच. ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची टोचणी असते, अ‍ॅलर्जीशी तिचा संबंध नाही.

हकिकतीवरून एक-दोन पदार्थांवर संशय स्थिरावला की स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला पेननं आकडे लिहितात, प्रत्येक आकड्याशेजारी अर्काचा एकेक थेंब ठेवतात आणि त्यातून बारीक लॅन्सेटनं कातडीला हलकं टोचतात. रक्त येत नाही, लहान मुलंही निभावून नेतात. दोन थेंब मुद्दाम वेगळे असतात. एक हिस्टामिनचा, त्यानं गांध उठलीच पाहिजे. दुसरा सलाइनचा, त्यानं उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीनं मोजतात. सलाइनच्या जागेपेक्षा 3 मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह. सेटिरिझिनसारखी गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही असा घटक असतो. हिस्टामिनच्या थेंबानंच गांध उठली नाही, तर सगळी टेस्ट रद्द समजायची. टेस्ट झाल्यावर कागद हातात घेताना या दोन थेंबांचे आकडे लिहिले आहेत का, ते जरूर बघा. ते नसतील तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

रक्तातलं आयजीई मोजणारी टेस्ट तेच काम दुसऱ्या वाटेनं करते. त्वचेचा आजार पसरलेला असेल, गोळी थांबवता येत नसेल, पूर्वीची रिअ‍ॅक्शन फार गंभीर असेल, तर ती सोयीची पडते. लिटरमागे 0.35 किलोयुनिटच्या वर आकडा गेला की बहुतेक लॅब पॉझिटिव्ह म्हणतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे इतकंच की शरीरानं त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवलं आहे. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. या दोहोंतलं अंतर किती मोठं असू शकतं, हे आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या प्रौढांच्या पाहणीत दिसलं. युरोप्रिव्हॉल या अन्नाच्या अ‍ॅलर्जीवरच्या संशोधन प्रकल्पातली ही पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीई असलेले लोक सुमारे 26 टक्के निघाले, आणि हकीकत व तपासणी दोन्ही जुळून खरी अ‍ॅलर्जी संभवते असे जेमतेम 1.2 टक्के. त्या भागात फारसे खाल्ले न जाणारे पदार्थही पॉझिटिव्ह आले होते.

असं होतं याचं एक कारण प्रथिनांच्या सारखेपणात आहे. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म माइट्समध्ये आणि झुरळांतही जवळपास तसंच असतं. मुंबईच्या दमट हवेत माइट्सची अ‍ॅलर्जी असलेल्या, जन्मात कोळंबी न चाखलेल्या माणसाचा रिपोर्टही कोळंबीपुढे लाल येऊ शकतो. शेंगदाणा, सोयाबीन आणि डाळींचं असंच. एकाचं आयजीई दुसऱ्याला चिकटतं, पण बऱ्याच जणांना दुसरा पदार्थ बिनघोर पचतो. अलीकडे अख्ख्या पदार्थाऐवजी त्यातल्या एकेका प्रथिनाविरुद्धचं आयजीई मोजता येतं. शेंगदाण्यातल्या ‘अरा एच 2’ या प्रथिनाचा आकडा मोठा असेल तर काळजीचं कारण असतं. व्यायामाशी जोडलेल्या गव्हाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ओमेगा-5 ग्लायडिन हे प्रथिन पाहतात. या तपासण्या महाग आहेत, पण नेमक्या प्रश्नाला त्या नेमकं उत्तर देतात.

आकडा किती मोठा असला म्हणजे अ‍ॅलर्जी नक्की, याचेही अंदाज आहेत. अमेरिकेतल्या ह्यू सॅम्पसन यांनी 2001 मध्ये मुलांसाठी अंड्याला 7, दुधाला 15, शेंगदाण्याला 14 किलोयुनिट अशा रेषा आखल्या. त्यापुढे खाऊन पाहण्याची गरज सहसा उरत नाही. या रेषा तिथल्या रुग्णालयात आलेल्या मुलांवरून काढलेल्या आहेत, आपल्याकडे त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. आकडा रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता सांगतो, ती किती जोरात येईल हे सांगत नाही, एवढं तरी रिपोर्टवर ठळक छापायला हवं.

शेवटचा शब्द अन्नाचाच असतो. त्याला ओरल फूड चॅलेंज म्हणतात. रुग्ण बरा असताना, रुग्णालयात, अ‍ॅड्रेनलिन भरून तयार ठेवून, संशयित पदार्थ अगदी थेंबापासून सुरू करून दर पंधरा-तीस मिनिटांनी वाढवत नेतात. नेहमीची वाटी पोटात गेली आणि पुढचे दोनेक तास काही झालं नाही, की त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी नाही. मनातल्या भीतीनं लक्षणं येऊ नयेत म्हणून चार्ल्स मे यांनी 1976 मध्ये याची आंधळी पद्धत आणली. त्यात पदार्थ दुसऱ्या कशात लपवतात आणि खरा कोणता, खोटा कोणता हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. अमेरिकेत डेन्व्हरच्या रुग्णालयातला 2011 सालचा अभ्यास मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. अ‍ॅलर्जीच्या नावाखाली पदार्थ बंद केलेली 125 मुलं तिथे पाहिली, त्यातली बहुतेक एक्झिमाची. खाऊन पाहिल्यावर बंद केलेले पदार्थ 84 ते 93 टक्के वेळा मुलांच्या ताटात परत आले. दहातले आठ-नऊ पदार्थ त्यांनी उगाच सोडले होते.

उगाच सोडणं निरुपद्रवीही नसतं. एक्झिमा असलेलं मूल दूध पीत असतं, त्याला काही होत नसतं. रिपोर्टवरून दूध बंद करतात आणि काही महिन्यांनी चुकून पोटात गेल्यावर पूर्वी कधीच न आलेली तीव्र रिअ‍ॅक्शन येते. हे वैद्यकीय नोंदींत पुन्हापुन्हा आलेलं आहे. खात राहिल्यानं टिकलेली सहनशक्ती बंद केल्यानं गेली. लंडनमधल्या गिडियन लॅक यांच्या गटानं 2015 मध्ये 640 बाळांवरच्या अभ्यासातून हेच दुसऱ्या बाजूनं दाखवलं. धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाच वर्षांचं वय झाल्यावर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तो टाळणाऱ्या बाळांपेक्षा कितीतरी कमी आढळली.

आता आयजीजी. बाजारातली शंभर-दोनशे पदार्थांची इनटॉलरन्स पॅकेजं बहुतेक याचीच असतात. आयजीजी, त्यातही आयजीजी-4, हे आपण जे खातो त्याची शरीरानं घेतलेली नोंद आहे. रोज दूध पिणाऱ्याचं दुधाचं आयजीजी वाढलेलं असणं स्वाभाविक आहे, आणि अ‍ॅलर्जीवरच्या उपचारानं सहनशक्ती येते तेव्हा तर ते आणखी चढतं. म्हणजे पदार्थ पचतोय याची खूण दाखवून तो बंद करायला सांगितलं जातं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्ये, पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांनीही, ही तपासणी निदानासाठी करू नये असं स्पष्ट म्हटलं. तरीही ती आपल्याकडे राजरोस विकली जाते. याचा मला मनापासून राग येतो, कारण गिऱ्हाईक बहुधा थकलेली, घाबरलेली आई असते. केसांची तपासणी आणि बोटाला तार लावून पडद्यावर अ‍ॅलर्जी दाखवणारं यंत्र यांच्यावर तर वेळही घालवू नये. त्या यंत्राची 2001 मध्ये ब्रिटनमध्ये नीट परीक्षा घेतली, तेव्हा अ‍ॅलर्जी असलेला आणि नसलेला माणूस त्याला वेगळा ओळखता आला नाही.

लोक इनटॉलरन्स समजतात अशा दोन गोष्टींना मात्र खऱ्या तपासण्या आहेत. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर कमी होणं हे जगातल्या बहुसंख्य माणसांत घडतं. भारतात वायव्येकडे ते टिकून राहिलेले लोक जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. तपासणीसाठी रात्रभर उपाशी राहून 25 ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून घ्यायचं आणि ठरावीक वेळानं यंत्रात फुंकायचं. श्वासातला हायड्रोजन दशलक्षात 20 भागांनी वाढला की टेस्ट पॉझिटिव्ह. पण असे बहुतेक लोक कपभर दूध, आणि दही-ताक तर सहज, पचवतात. दुधाच्या अ‍ॅलर्जीशी याची गल्लत फार घातक आहे. अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, त्यामुळे अशा बाळाला लॅक्टोज काढलेलं दूध, म्हशीचं दूध किंवा शेळीचं दूध यांपैकी काहीच सुरक्षित नाही.

दुसरी गोष्ट सीलिॲक. हा अ‍ॅलर्जीही नव्हे आणि इनटॉलरन्सही नव्हे, गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं असा आजार आहे. भारतातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत, जी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली, उत्तरेत तो 1.23 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळला. टीटीजी आयजीए ही रक्ताची तपासणी, सोबत एकूण आयजीए, आणि गरजेनुसार एंडोस्कोपीतून आतड्याचा तुकडा, असा तपासणीचा क्रम. लोक इथे एक मोठी चूक करतात: आधी पोळी बंद करतात, बरं वाटतं, मग तपासायला जातात. गहू पोटात नसला की रक्तातली खूण ओसरते आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. तपासणी होईपर्यंत गहू खात राहा. सीलिॲक नाही, तरी पोळीनं पोट फुगतं, अशांसाठी ऑस्लोमधला 2018 सालचा प्रयोग बोलका आहे. ग्लुटेन सोडलेल्या 59 जणांना आळीपाळीनं खाण्याच्या बारमध्ये लपवून ग्लुटेन, लपवून फ्रुक्टन आणि नुसताच बार दिला. जास्त त्रास फ्रुक्टननं झाला. फ्रुक्टन गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही असतं. त्यासाठी रक्ताची कुठलीही टेस्ट नाही. आहारतज्ज्ञाच्या मदतीनं काही आठवडे हे पदार्थ थांबवून एकेक परत आणत पाहावं लागतं.

महाराष्ट्रात अडतं ते तज्ज्ञ आणि चॅलेंजची सोय यांच्यापाशी. अ‍ॅलर्जी हा विषय वेगळा शिकलेले डॉक्टर थोडे, आणि दिवसभर एक खाट अडवून चॅलेंज करणारी रुग्णालयं त्याहून थोडी. लॅबला मात्र तोटा नाही. शिवाय परदेशी पॅनेलमध्ये तिथले पदार्थ असतात. 2001 मध्ये पाटील, निफाडकर आणि बापट यांनी हरभरा हा आपल्या उपखंडातला महत्त्वाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ असल्याचं दाखवलं. बेसन भजीत, फरसाणात, लाडवात, पिठल्यात सगळीकडे असतं. पाकिटावर अ‍ॅलर्जीकारक म्हणून ठळक सांगायचे जे आठ गट अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत आहेत, त्यांत हरभरा नाही, तीळ नाहीत, मोहरीही नाही. अर्क मिळत नसेल तर चांगले डॉक्टर ताजा पदार्थ आणायला सांगतात, लॅन्सेट आधी त्यात आणि मग कातडीत टोचतात. डॉक्टर निवडताना एवढंच विचारावं: तुमच्याकडे चॅलेंज होतं का, आणि नसेल तर तुम्ही कुठे पाठवता?

अ‍ॅलर्जी खरीच निघाली तर रिपोर्टसोबत अ‍ॅड्रेनलिनची चिठ्ठी हवी. तयार इंजेक्शनचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर अँप्युल आणि सिरिंज लिहून देतात आणि ती कशी भरायची ते शिकवतात. वजनाच्या किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त 0.5, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मग रुग्णाला आडवं करून रुग्णालयात न्यायचं आणि बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबायचं, कारण रिअ‍ॅक्शन उलटून येऊ शकते. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. शाळेत, मावशीकडे, सहलीला, जिथे मूल जाईल तिथल्या मोठ्या माणसाला हे दाखवून ठेवा, आणि डॉक्टरांनी हे कागदावर लिहून दिलं नसेल तर दवाखान्यातून निघण्याआधी लिहून मागा.